मनगट मोडलं तेव्हाच कळायला हवं होतं (आईची हाडं, ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होणं वगैरे)

सांजवात | ६ नोव्हेंबर, रात्री १०.५२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज आई लवकर झोपलीये म्हणून बसलेय. मोठं होणारे, सांभाळून घ्या.

आई ६८ ची. साताऱ्याजवळ गावी एकटीच असते, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. एकदम काटक, शुगर नाही, बीपी नाही, त्यामुळे घरात आजारपणाचा विषय निघाला की आईचं नाव कधी यायचंच नाही. दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात मागच्या अंगणात शेवाळावरून पाय सटकला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. तालुक्याला हाड बसवलं, सहा आठवडे प्लास्टर, मी आणि वहिनीने आळीपाळीने जाऊन स्वयंपाकपाणी केलं, प्लास्टर निघालं, बोटं सुटी व्हायला दाबायचा बॉल दिला आणि विषय संपला. डॉक्टर म्हणाले वय झालंय आजी, जपून चाला. आम्ही पण माना डोलावल्या.

यंदा दिवाळीच्या आधी गाद्या उन्हात टाकायच्या म्हणून हिने कापसाची डबल गादी एकटीने उचलली आणि पाठीत कट्कन झालं. पडली नाही, आपटली नाही, नुसती वाकून उचलली. आठ दिवस अंगावर काढलं. शेजारच्या काकू म्हणाल्या मणक्यात गॅप असणार, मग तेल चोळून झालं, शेकून झालं, कोणीतरी कमरेचा पट्टा आणून दिला. मी लक्ष्मीपूजनाला पोचले तर ही बाई एका हाताने ओटा धरून करंज्या तळतेय आणि कढई उतरवायला शेजारच्या मुलाला हाक मारतेय. आई कढई उतरवायला हाक मारते म्हणजे काहीतरी गडबड आहे हे मला तिथेच कळलं.

पुण्याला आणली. एक्सरेत छातीचा बारावा मणका पुढून चेपलेला, पाचरीसारखा. आणि त्याच्या वर आठवा पण चेपलेला, तो जुना! कधी झाला कोणालाच माहीत नाही, आईलासुद्धा नाही. डेक्सा (हाडांची घनता मोजायची तपासणी) केली, कमरेचा टी-स्कोअर उणे ३.४, खुब्याचा उणे २.८. व्हिटॅमिन डी ११.

डॉक्टरांनी विचारलं याआधी काही मोडलंय का. म्हटलं हो, मनगट. तेव्हा हाडांची घनता तपासली होती का? मी गप्प. इतक्या लोकांनी तो हात पाहिला, एक्सरे काढला, प्लास्टर घातलं, कापलं, पण ते हाड एवढ्याशा पडण्याने का मोडलं हा प्रश्न कोणालाच पडला नाही, मलाही नाही.

अजून एक गंमत. डॉक्टर म्हणाले तरुणपणी उंची किती होती? आता ही कोणाला माहीत असते? आधार कार्डावर नसते. शेवटी दादाने गावी जाऊन ट्रंकेतून आईचा लग्नासाठी केलेला बायोडेटा शोधून फोटो पाठवला, त्यात आजोबांच्या अक्षरात ५ फूट ३ इंच. आता भरतेय ४ फूट ११ आणि थोडी. चार इंच गेले म्हणून मी हबकले तर आई शांतपणे म्हणाली, अगं तुझ्या आजोबांनी इंचभर वाढवूनच लिहिलं होतं, मुलगा उंच होता ना.

तर तीन प्रश्न: (१) वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध सुचवलंय, कोणाचा अनुभव? (२) मी ४६, पाळी मागेपुढे व्हायला लागलीये, मी आत्तापासून काय करू? (३) गावच्या घरात काय बदल करू?

---

खारीबिस्कीट | ६ नोव्हेंबर, रात्री ११.१५

बापरे काकूंना सांभाळ गं. बायोडेटावालं भारीच. वाचतेय.

---

हाडवैद्य | ७ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

ओपीडीच्या आधी घाईत लिहितोय, शुद्धलेखनाला हसू नये. (आयडी वरून कळलंच असेल, मी ऑर्थो.)

सांजवात, तुमच्या आईची गोष्ट पुस्तकात असते तशीच्या तशी आहे. आधी मनगट, मग मणका, आणि त्यानंतर नंबर असतो खुब्याचा. तो येऊ द्यायचा नाही यासाठी ही सगळी धडपड. उभ्या उंचीवरून साधं पडून पन्नाशीनंतर हाड मोडलं की ते नुसतं फ्रॅक्चर नसतं, तो निरोप असतो. एक मोडलं की पुढचं मोडायचा धोका साधारण दुप्पट होतो. आणि खरं सांगतो, आम्ही ऑर्थोवालेच इथे कमी पडतो, हाड जुळवलं की आमचं समाधान होतं, पुढचा पेशंट बाहेर ओरडत असतो.

होतं काय ते सांगतो. हाड म्हणजे दगड नाही, जिवंत आहे. रोज थोडं जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि नवीन भरणाऱ्या पेशी अशा दोन टोळ्या आयुष्यभर काम करत असतात. तिशीपर्यंत भरणाऱ्यांचं वरचढ असतं, तोवर जे काय जमलं ते जमलं. नंतर हळूहळू खरवडणारे पुढे जातात. बायकांत इस्ट्रोजेन या खरवडणाऱ्यांवर वचक ठेवून असतं, पाळी गेली की तो वचक जातो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत २० टक्क्यांपर्यंत हाड जाऊ शकतं. अनरसा आतून कसा जाळीदार असतो, तसं मणक्याचं हाड आतून असतं. जाळी बारीक तोवर ठीक. भोकं मोठी झाली, मधले धागे तुटले की बाहेरून अनरसा तसाच दिसतो पण उचलला की हातात तुकडे.

टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या तुलनेत तुमचं हाड किती खाली. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ ला ऑस्टिओपेनिया म्हणतात, उणे २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. पण मणका असा आपोआप चेपलेला असेल तर स्कोअर काहीही येवो, निदान झालंच. उलट म्हाताऱ्या माणसाच्या कमरेच्या मणक्यांना झिजेमुळे काटे फुटलेले असतात, त्यामुळे तिथला आकडा खोटाच चांगला येतो, म्हणून खुब्याचा बघायचाच.

आणि ते "गॅप" नावाचं जे काही आहे ना, कृपा करून ते विसरा. पाठ दुखली की गॅप. मणक्यांमध्ये गॅप असतेच, ती कमी झाली तर त्रास!

आता निघतो, बाकी रात्री.

---

मिसळपाव_चोर | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

डॉक्टर एक शंका, माझ्या आईचे गुडघे गेलेत, जिना चढत नाही, ते पण हेच ना? कॅल्शियम सुरू करू का?

---

हाडवैद्य | ७ नोव्हेंबर, रात्री ९.५८

नाही, ते वेगळं. गुडघ्यात कुर्चा झिजते, ती संधिवातातली झीज, दुखते, सुजते, बोंब मारते. हाडं ठिसूळ होतात तेव्हा काहीही दुखत नाही, मोडेपर्यंत शांत. सांजवातच्या आईचा आठवा मणका बघा, कधी गेला कळलंही नाही. गुडघेदुखीवर कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन काही होत नाही, अर्थात त्यांचं वय ६५ च्या पुढे असेल तर डेक्सा करून घ्या, ती त्या वयाच्या प्रत्येक बाईने करावीच. पाळी लवकर गेलेली, आईचा खुबा मोडलेला, स्टिरॉइड चालू असलेलं, वजन फारच कमी, असं काही असेल तर त्याआधीच. रेडिएशनची भीती घालतात लोक, ते छातीच्या एक्सरेपेक्षाही कमी असतं.

---

टवाळ_तात्या | ७ नोव्हेंबर, रात्री १०.३०

हे सगळं औषध कंपन्यांचं खूळ आहे. आमच्या सोसायटीत फुकट शिबिर लावलं, टाच एका डबड्यात ठेवायला सांगितली, ४० पैकी ३८ जणांना "पेनिया" निघाला, उरलेले दोघे वॉचमन. बाजूच्याच टेबलावर गोळ्या विकायला. आमची आजी ९२ पर्यंत जगली, आयुष्यात कॅल्शियमची गोळी पाहिली नाही.

---

गवतीचहा | ७ नोव्हेंबर, रात्री ११.०२

तात्या, आजी ९२ पर्यंत जगली, पण सरळ उभी होती का?

खरंच विचारतेय. आपल्या सगळ्यांच्या लहानपणी गल्लीत एक तरी कमरेतून काटकोनात वाकलेली, काठी टेकत जाणारी म्हातारी होती. आपल्याला वाटायचं म्हातारपण आलं की माणूस असाच वाकतो. ते एकामागून एक चेपलेले मणके होते. कोणी एक्सरे काढला नाही एवढंच.

---

टवाळ_तात्या | ७ नोव्हेंबर, रात्री ११.४०

...आजीला पोक होतं. बरंच. आम्ही मुलं तिच्या पाठीवर बसायचो.

---

हाडवैद्य | ८ नोव्हेंबर, सकाळी ६.३५

तात्यांचा शिबिराबद्दलचा राग मात्र शंभर टक्के बरोबर. टाचेची ती सोनोग्राफीसारखी तपासणी फार तर चाळणी म्हणून वापरायची, तिच्या आकड्यावर निदान होत नाही, औषध तर मुळीच सुरू करायचं नाही. निदान डेक्सावरच.

---

बीडची_सून | ८ नोव्हेंबर, दुपारी २.१०

कधी लिहीत नाही इथं पण राहवेना. माझी नणंद एएनएम (आरोग्य केंद्रातली नर्स) आहे आमच्याकडं. सगळे ६५ वय ६५ वय म्हणतायत, आमच्या भागातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं काय? तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या कितीजणी आहेत. २०१९ ला सरकारनं समिती नेमली होती, तेव्हाच्या पाहणीत बीड जिल्ह्यात ८२ हजारावर बायकांची माहिती घेतली त्यात १३ हजाराच्या वर जणींची पिशवी काढलेली निघाली. पेपरात आलं तेव्हा सगळे हळहळले. पण पिशवीसोबत अंडाशय पण काढलं असलं तर त्या बाईची पाळी त्या दिवशीच गेली की हो, तिचा वचक पस्तिशीतच गेला, वर डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. नणंद म्हणती चाळिशीत पाठ धरून बसलेल्या बाया येतात आणि वेदनेची सुई घेऊन परत फडात जातात. अंडाशय ठेवलं का काढलं हे त्यांना माहीतच नसतं, कागद नसतो हातात.

---

सांजवात | ८ नोव्हेंबर, दुपारी ३.००

ताई, लिहीत जा हो इथे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

---

हाडवैद्य | ८ नोव्हेंबर, रात्री १०.१५

बीडची_सून, अगदी नेमकं लिहिलंत. अंडाशय ठेवलं तरी काहींची पाळी थोडी आधीच जाते. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढली असतील आणि दुसरं काही कारण आड येत नसेल तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोन द्यावेत असं सांगतात, प्रत्यक्षात कोण देतं? ऑपरेशनचा कागद जपून ठेवा एवढं तरी नणंदबाईंनी प्रत्येकीला सांगावं.

---

आजोबा५४ | ९ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

५४ हे जन्मसाल, वय नव्हे. पुरुषांचंही लिहा की कोणीतरी. मला दमा, वर्षानुवर्षं अधूनमधून स्टिरॉइडच्या गोळ्या. त्यात मधे सांधे दुखतात म्हणून एका ओळखीच्याने "जंगली जडीबुटी"च्या पुड्या आणून दिल्या, चार दिवसांत असा उड्या मारायला लागलो की त्याला देव मानलं. दीड वर्ष घेतल्या. तोंड सुजल्यासारखं गोल झालं, कातडी कागदासारखी, शुगर वाढली. फिजिशियनने पुड्या ओट्यावर ओतायला लावल्या आणि म्हणाले काका यात स्टिरॉइड मिसळलेलं असणार. एकदम बंद करू दिलं नाही, हळूहळू उतरवलं. नंतर शिंकताना बरगडी मोडली. शिंकताना! बायको अजून सगळ्यांना सांगते.

आता रोज पोटात टोचून घ्यायची पेन आहे, टेरिपॅराटाइड, २० मायक्रोग्रॅम, फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी ठेवतो. बाकीची बहुतेक औषधं खरवडणाऱ्यांना थांबवतात, हे भरणाऱ्यांना कामाला लावतं असं समजावलं. साधारण दोन वर्षंच घेतात आणि संपल्यावर दुसरं औषध लगेच सुरू करायचं, नाहीतर कमावलेलं वाहून जातं. महाग आहे, लपवत नाही.

---

कोकणी_मेवा | ९ नोव्हेंबर, सकाळी ११.३०

मला कोणी सांगेल का, गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून खाल्ला की हाडं मजबूत होतात असा मेसेज फिरतोय, सासरे महिनाभर खातायत, तोंड भाजून घेतलंय.

---

गवतीचहा | ९ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

त्यांना थांबव आधी. विड्याचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, कॅल्शियम आहे हे खरं पण दाहक आहे, आणि किती पोटात जातंय त्याचा हिशोब नाही. हिशोबात मिळणारी साधी वस्तू असताना तोंड कशाला भाजून घ्यायचं?

मी आहारतज्ज्ञ आहे, विषय निघालाच आहे तर लिहिते. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. कपभर दुधात साधारण २४०. शंभर ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास, पण शंभर ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या एका बैठकीत कोण खातंय, एका मध्यम भाकरीला १८०-२०० धरा. चमचाभर न सोललेले तीळ ९० वगैरे. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याचा पाला, हे खूप चांगलं. पालकात कॅल्शियम असतं पण ऑक्झलेट ते धरून ठेवतं, अंगी फार थोडं लागतं. मासे खाणाऱ्यांना तर काट्यासकट खायची मांदेली, सुकट, जवळा, यासारखं स्वस्त काही नाही. हे सगळं लिहायला सोपं आहे, पण मी ज्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका बघते त्या सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी, रात्री उरलेली पोळी दुधात कुस्करून, असं खातात. स्वतःपुरतं वरण लावायचा कंटाळा. नुसत्या कॅल्शियमने हाड होत नाही, त्याचा सांगाडा प्रथिनांचा असतो. वरण, उसळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं. आणि आठवड्यातून दोन उपास साबुदाण्यावर! साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय काही नाही हो. करायचाच उपास तर राजगिरा-दूध करा, देव रागवत नाही.

मीठ जास्त झालं तर लघवीतून कॅल्शियम जातं, तेव्हा लोणचं-पापड बेताने.

---

टवाळ_तात्या | ९ नोव्हेंबर, दुपारी १.२०

आणि मूतखडा? कॅल्शियम म्हणजे मूतखडा हे तरी खरं ना?

---

गवतीचहा | ९ नोव्हेंबर, दुपारी १.५०

दूध-नाचणीने नाही होत, उलट जेवणातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरतं आणि खड्याचा धोका कमी होतो. गोळ्यांचा अतिरेक केला तर थोडा वाढतो. म्हणून आधी ताटात बघायचं, कमी पडेल तेवढीच गोळी. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर, सायट्रेट कधीही. एका वेळी ५०० च्या वर नको, शोषलंच जात नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, लोहाच्या गोळीबरोबर पण नको. सकाळी सगळ्या गोळ्या एकदम मूठभर गिळणारे खूप आहेत.

---

टोरांटोकर | ९ नोव्हेंबर, रात्री ११.५५

इथे दुपार आहे. व्हिटॅमिन डी वर माझे दोन पैसे. आमच्याकडे दुधात डी घालणं कायद्याने सक्तीचं आहे, कारण हिवाळ्यात सूर्य इतका तिरका की उघडं बसलं तरी कातडीत डी बनत नाही. ते समजू शकतो. पण मागच्या मे मध्ये पुण्यात आई-बाबांची तपासणी केली, बाबा १४, आई ९! मे महिन्यात! रोज सकाळी साडेसहाला बागेत जातात कोवळं ऊन खायला.

---

हाडवैद्य | १० नोव्हेंबर, सकाळी ६.३०

कोवळ्या उन्हानेच घात केलाय. डी बनवणारे किरण सकाळी सातच्या उन्हात जवळजवळ नसतात. खूण सोपी: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचंच ऊन कामाचं, म्हणजे साधारण अकरा ते तीन. हात-पाय उघडे, काच मधे नको, बंद खिडकीतून येणारं ऊन उपयोगाचं नाही. आपला रंग सावळा, त्यामुळे गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. पण सत्तरीच्या माणसाला मे महिन्यात बाराच्या उन्हात बसवायचं का? नाही. त्या वयात कातडीच कमी बनवते. कमी असेल तर सरळ औषध घ्यावं. रक्तात २० च्या खाली म्हणजे कमतरता.

---

खारीबिस्कीट | १० नोव्हेंबर, सकाळी १०.०५

पण जपून! आमच्या शेजारच्या काकांना ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक सांगितलेली, ते दोन महिने रोज एक घेत होते, कारण चव छान लागते. उलट्या, बरळणं, बद्धकोष्ठ, ॲडमिट केलं तर रक्तातलं कॅल्शियम भलतंच वाढलेलं आणि किडनीवर ताण. वाचले. हे पाण्याबरोबर निघून जाणारं व्हिटॅमिन नाही, साठतं.

---

फिजिओ_मनू | १० नोव्हेंबर, रात्री ९.१५

सांजवात, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळतच नाहीये म्हणून मी.

आईंना आत्ता: वाकायचं नाही. म्हणजे कमरेतून पुढे वाकायचंच नाही. केर काढायला लांब दांड्याचा झाडू, बादली भरलेली उचलायची नाही, तांब्याने रिकामी करायची. खाली पडलेलं घ्यायचं तर गुडघ्यात. आणि कोणी प्रेमाने योगवर्गाला नेलं तर पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं ते पुढे वाकणं, सगळं बंद. मणका आधीच पाचरीसारखा झालाय, पुढे वाकलं की पुढच्याच कडेवर सगळा भार. योग वाईट म्हणत नाहीये हं, भांडू नका, भुजंगासनासारखं थोडं पाठ उचलायचं पुढे जाऊन शिकवू, पण समोर बसवून. दुखणं शमेपर्यंत थांबा, मग भिंतीला पाठ-डोकं टेकून उभं राहणं यापासून सुरुवात.

तुला ४६ ला: नुसतं चालून भागत नाही. हाडाला ओझं लागतं, दणका लागतो. पोहणं, सायकल हृदयाला उत्तम पण हाडाला फारसं कळत नाही. जिना चढ, वजनं उचल, जिम नको असेल तर लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांपासून सुरू कर. ओट्याला बोटं टेकवून टाचा वरखाली. खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठबस. आणि कुकर लावलास की पहिली शिट्टी होईपर्यंत आळीपाळीने एका पायावर उभी राहा. हसू नकोस, माझ्या पेशंट बायका हेच करतात, कारण बाकीचं विसरतात पण कुकर विसरत नाहीत.

घर: म्हातारी माणसं पडतात ती डोंगरावर नाही, बेड ते संडास या पंधरा पावलांत, रात्री. त्या वाटेवर लहान दिवा. मोरीच्या दाराशी घसरणारं पायपुसणं काढून टाका. संडासात आणि न्हाणीत भिंतीला दांडा, टॉवेलचा नव्हे, पक्का खिळवलेला. शेवाळ दर आठवड्याला घासायचं, फरशी खडबडीत करून घेतली तर उत्तम. घरात सपाता मागून पट्टा असलेल्या. गाऊन पायात येणारा नको. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पुढे ढकलू नका. झोपेची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना विचारा.

---

सासुरवाशीण_ठाणे | ११ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

सलाईनबद्दल मी सांगते. सासूबाईंना आधी आठवड्याची गोळी होती, ॲलेंड्रोनेट ७०. ती उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. त्या चहाबरोबर घ्यायच्या आणि परत पडायच्या! तीन महिन्यांनी छातीत जळजळ म्हणून एन्डोस्कोपी, अन्ननलिकेला जखमा. मग झोलेड्रॉनिक दिलं, वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितलं, डी वर आणलं, दाताच्या डॉक्टरकडे पाठवून दोन दात आधीच काढून घेतले (नंतर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही म्हणे). दुसऱ्या दिवशी ताप १०१, अंग मोडून आलं, पॅरासिटामॉलवर दोन दिवसांत उतरलं. दुसऱ्या वर्षी काहीच झालं नाही.

---

आजोबा५४ | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६.००

माझ्या मोठ्या बहिणीला सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन होतं, डेनोसुमॅब. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाडी बंद, दवाखान्यात जायची भीती, चार महिने उशीर झाला. त्यात दोन मणके गेले. हे औषध चांगलं, पण चुकवायचं नाही आणि मनाने बंद करायचं तर मुळीच नाही.

---

हाडवैद्य | ११ नोव्हेंबर, रात्री १०.२०

आजोबा म्हणाले ते खरं आहे, परिणाम उतरला की खरवडणारी टोळी दुप्पट जोराने कामाला लागते. थांबवायचंच असेल तर मागोमाग दुसरं औषध.

झोलेड्रॉनिकबद्दल: २००७ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर्स ७० टक्के आणि खुब्याची ४१ टक्के कमी झाली होती. जबड्याचा त्रास आणि मांडीचं हाड विचित्र ठिकाणी मोडणं, दोन्ही आहेत पण फार क्वचित, आणि त्याच भीतीने काही वर्षांनी डॉक्टर औषधाला विश्रांती देतात. उलट बाजूला काय आहे तेही बघा: खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात जातं. सांजवात, सलाईन द्या. पण आधी डी भरा, आणि पॅराथायरॉइड, थायरॉइड, सीबीसी, ईएसआर या रक्ततपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या, दोन मणके गेलेत म्हटल्यावर दुसरं काही लपलेलं नाही ना हे बघायलाच हवं.

---

कोकणी_मेवा | १२ नोव्हेंबर, सकाळी ९.००

सासऱ्यांचा चुना बंद केला. आता तोच मेसेज ते दुसऱ्यांना पाठवतायत. अवांतर: नाचणीचे लाडू कोरडे होतात, कोणी प्रमाण द्या ना.

---

गवतीचहा | १२ नोव्हेंबर, सकाळी १०.१०

पीठ तुपावर मंद भाज, खमंग वास सुटेपर्यंत घाई करू नकोस, भाजलेल्या तिळाचा कूट घाल भरपूर, गूळ कोमट असतानाच वळ. तरी कोरडे वाटले तर दुधाचा हबका, पण मग चार दिवसांत संपव.

---

सांजवात | २१ डिसेंबर, रात्री ९.३०

अपडेट. बाकी तपासण्या ठीक, दुसरं काही निघालं नाही. डी आठ आठवडे भरलं. मागच्या आठवड्यात सलाईन झालं, ताप आला, आई म्हणाली यापेक्षा बाळंतपण सोपं होतं. पण दोन दिवसांत उठली. न्हाणीत दांडा बसवला, गवंडी म्हणाला अजून एक टॉवेलला लावतो, म्हटलं नको. मीही डेक्सा केली, उणे १.३. डॉक्टर म्हणाले औषध नको, वजनं उचल. कुकरपाशी एका पायावर उभी असते, मुलगा व्हिडिओ काढतो.

आणि ज्यांनी हात बसवला होता त्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले पुढच्या मनगटाला विचारीन.

---

बीडची_सून | २२ डिसेंबर, दुपारी १.१५

नणंदेनं वहीच केलीये. कोणाची पिशवी कधी काढली, अंडाशय ठेवलं का, कागद आहे का. आत्तापर्यंत २७ जणी, कागद नऊ जणींकडं.

---

सांजवात | १४ एप्रिल, सायंकाळी ७.४०

धागा वर काढतेय. मनू, आईचा निरोप आहे तुला. दुखणं गेलंय, गावी परत गेलीये, चालते रोज. आता प्रश्न असा की गावात पापडांचा सीझन सुरू झालाय आणि तिला लाटायला बसायचंय. जमिनीवर, पोळपाट पुढ्यात, वाकून, चार तास. तिला काय सांगू?

---

फिजिओ_मनू | १४ एप्रिल, रात्री ९.०५

जमिनीवर नाही. टेबल, पाठीला आधार असलेली खुर्ची, पोळपाट कोपराच्या उंचीवर, अर्ध्या तासाने उठून फेरी. पीठ कुटायचं दुसऱ्याने. वाळवणं गच्चीवर न्यायची दुसऱ्याने.

---

सांजवात | १४ एप्रिल, रात्री १०.३०

वाचून दाखवलं फोनवर. म्हणाली टेबलावर लाटलेला पापड पातळ होत नाही. मग ठरलं असं की लाटणार वहिनी आणि मी, ती खुर्चीत बसून जाड झाला म्हणणार.

---

गवतीचहा | १४ एप्रिल, रात्री १०.४५

मीठ बेताने घालायला सांग.

---

सांजवात | १४ एप्रिल, रात्री १०.५०

ते तू सांग तिला, माझी हिंमत नाही.